मधलं नाव

माझी मुलाखत झाली तेव्हा मी मेथी निवडत होते.

चेष्टा करत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसले होते, पुढ्यात परात होती, आणि परातीशेजारचा मोबाईल वाजला. 'सुश्रेय हेल्थकेअरच्या तंत्रज्ञ पदासाठी आपल्या प्रतिरूपाची मुलाखत सुरू झाली आहे.' हात पुसून मी मोबाईल उचलला, तोवर दुसरा संदेश हजर. 'आपल्या प्रतिरूपाची मुलाखत पूर्ण झाली आहे. या पदासाठी आपला विचार करता येत नाही, हे कळवताना खेद होतो. पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.'

मुलाखतीला मी नव्हते. मला कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. तरी मी नापास झाले होते, आणि वर शुभेच्छाही मिळाल्या होत्या. हे पहिल्यांदा होत होतं असंही नाही. आधीच्या कंपन्यांनीही असाच खेद व्यक्त केला होता, शब्दसुद्धा तेच.

माझं नाव त्रिशला बाबगोंडा मगदूम. डायलिसिसची मशीन चालवणं आणि बिघडली तर दुरुस्त करणं हे माझं काम. मिरजेच्या एका लहान हॉस्पिटलात मी आठ वर्षं ते केलं. हॉस्पिटल विकलं गेलं, आणि मी कवठगावला आप्पांकडे परत आले. आप्पा म्हणजे माझे वडील, वीजमंडळातले निवृत्त वायरमन. आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. मला घाई होती ती एवढ्यासाठी, की आमच्या कामात दोन वर्षं मशीनला हात लागला नाही तर प्रमाणपत्र रद्द होतं. मग पुन्हा पहिल्यापासून शिका, नाहीतर दुसरा धंदा बघा. माझी दोन वर्षं संपत आली होती.

प्रतिरूप ही काय भानगड आहे हे आता शाळकरी पोरांनाही कळतं. पण ज्यांना गेल्या काही वर्षांत नोकरी शोधावी लागली नाही अशी नशीबवान माणसं अजून आहेत, त्यांच्यासाठी सांगते.

पूर्वी कंपन्या उमेदवाराचं नेटवरचं आयुष्य गुपचूप चाळायच्या. कोण कुठे नाचलं, कुणी कुणाला शिव्या घातल्या, हे बघून माणसं नाकारायच्या. त्यावर आरडाओरडा झाला, खटले झाले, आणि कायदा आला की मालकानं हे बघायचं नाही. कायदा चांगलाच होता. पण कायदा झाला की पळवाटही होतेच. मालकानं बघायचं नाही ना, मग यंत्रानं बघावं.

यंत्र ते असं बघतं. माणसासारखं बोलणाऱ्या संगणकाचं आता कुणाला कौतुक उरलेलं नाही. कोट्यवधी लोकांचं लिखाण वाचून तो सर्वसाधारण माणूस कसा बोलेल हे शिकलेला असतो. या सर्वसाधारण माणसावर तुमचा एक पातळ थर चढवायचा. तुमचे फोटो, तुम्ही लिहिलेल्या ओळी, कशाला लाईक दिलंत, काय लिहून नंतर पुसलंत, या सगळ्यातून तो थर बनतो. झालं तुमचं प्रतिरूप तयार. मग त्याला हजारो प्रश्न विचारायचे. साहेब ओरडला तर काय कराल? वडील आजारी पडले तर किती रजा मागाल? प्रतिरूप उत्तरं देतं, यंत्र गुण देतं, आणि कंपनीतल्या माणसाला नुसता आकडा दिसतो. ज्या कामाला पूर्वी चार माणसं आणि चहाची किटली लागायची, ते आता मेथीची एक काडी खुडून होईपर्यंत उरकतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण माझ्या प्रतिरूपात वाईट असण्यासारखं होतं काय? मी नेटवर कधी काही लिहिलंच नव्हतं. दिवसभर मशीनपाशी उभं राहून आल्यावर पाय ताणून पडावं, की जगाला फोटो दाखवत बसावं? गप्प बसणाऱ्याला कसली भीती, असा माझा समज होता. तो अभिनंदननं मोडला.

अभिनंदन चौगुले माझ्या वर्गातला. एस.टी. स्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. झेरॉक्स बसलं, मग त्यानं आधार कार्डाची कामं केली, तीही बसली. आता दुकानावर पाटी आहे, 'प्रतिरूप तपासणी व दुरुस्ती. लॅमिनेशन करून मिळेल.'

"तुझं नेटवर काहीच न्हाई की गं," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

"मग बरंच आहे ना?"

"कसलं बरं? थर चढवायला कायतरी पायजे का नको? जिथं तुझं काही नसतंय तिथं भोकं पडत्यात. आणि यंत्राला भोकं चालत न्हाईत. ते जवळच्या माणसांचं घेऊन बुजवतंय. शेजारनं वाटीभर साखर आणावी तसं."

"जवळचं माणूस कोण ते यंत्राला काय कळतं?"

अभिनंदननं माझं नाव पडद्यावर मोठं केलं आणि मधल्या शब्दावर बोट ठेवलं. "हे बघ. आपणच लिहून देतोय की."

तेव्हा मला यंत्राच्या जोडीनं आपल्या रीतीचाही राग आला. बाकी मुलखात म्हणे यंत्राला नाती हुडकताना घाम फुटतो. पत्ते जुळवा, फोटो जुळवा, तरी चूक होतेच. आपल्याकडे शाळेच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येकाच्या नावात मधोमध बापाचं नाव घातलेलं असतं. सगळी जोडणी आयती. त्यातून नाव अशोक किंवा सुरेश असतं तर हजारांत हरवून तरी गेलं असतं. बाबगोंडा! सांगली-कोल्हापूर-बेळगाव सोडलं तर हे नाव कुणी ऐकलेलं नसतं. बाबगोंडा मगदूम, कवठगाव, म्हटलं की एकच माणूस.

"माझ्या वडलांचं नाव अशोक," अभिनंदन म्हणाला. "म्हणून वाचलो."

माझ्या प्रतिरूपाचा अर्ध्याहून जास्त भाग आप्पांकडून उसना घेतलेला होता. त्याखाली यंत्राचा शेरा होता. सतत तक्रार करण्याची वृत्ती. वरिष्ठांविषयी अनादर. एकच मुद्दा लावून धरण्याचा आग्रह.

आता आप्पा काय लिहायचे ते सांगायला हवं. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, नातवंडं खेळवतात. आप्पा निषेध करायचे. नगरपालिका, पंचायत समिती, एस.टी. आगार, ज्याचं म्हणून नेटवर पान होतं तिथे आप्पांचा मजकूर असायचाच. सुरुवात कायम 'जाहीर निषेध' अशी, मग तारीख, मग गावाचं नाव, मग मुद्दा. आणि शेवटी स्वतःचं नाव, वडिलांच्या नावासकट. मला लहानपणी त्यांनी एवढी एकच गोष्ट मारून मुटकून शिकवली. अर्ज असो, पेपर असो, तक्रार असो, पूर्ण नाव घालायचं. अर्ध्या नावाच्या कागदाला कुणी विचारत नाही.

आईची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा तिला आठवड्यातून तीनदा मिरजेला न्यावं लागायचं. आणि आमच्या कवठगावच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसची नवी मशीन व्हरांड्यात पेट्यांत पडून होती. उद्घाटनाला कुणा मोठ्या माणसाची वेळ मिळत नव्हती म्हणून. आप्पा रोज सकाळी सायकलवरून तिथे जायचे, पेट्यांचा फोटो काढायचे आणि जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाच्या पानावर टाकायचे. 'जाहीर निषेध. आजही मशीन पेटीतच.' दुसऱ्या दिवशी पुन्हा. 'आजही मशीन पेटीतच.' लोक हसले, मग वैतागले. कार्यालयानं त्यांना पानावरून हाकललं, तर ते दुसऱ्या पानावर गेले. वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी उद्घाटनाशिवायच पेट्या उघडल्या. आईला त्या मशीननं चार वर्षं दिली. ती खुर्चीवर असताना शेजारी बसून बसून मला त्या मशीनचा नाद लागला आणि मी हे काम शिकले.

यंत्राच्या लेखी हा सगळा प्रकार म्हणजे एकच मुद्दा लावून धरण्याचा आग्रह.

"आता करायचं काय?" मी विचारलं.

"सोपं हाय. एक, नेटवर कायतरी गोड गोड टाकत जा. भोकं तुझ्याच मजकुरानं भरू देत. दोन, मधलं नाव काढ. तीन, विलगीकरण नोंदव."

विलगीकरण म्हणजे एक जाहीर करणं. अमुक व्यक्तीशी माझा काही संबंध नाही, तिच्या मतांची छाया माझ्या प्रतिरूपावर पडू नये. घटस्फोट झालेल्यांसाठी ही सोय काढली होती म्हणे. आता मुलं आईबापांवर वापरत होती.

"आप्पांशी माझा संबंध नाही असं लिहून देऊ?"

"नेटवर गं. घरात भाकरी वाढ की. कोण नको म्हणतंय?"

मी त्याच्या दुकानातून तावातावानं बाहेर पडले. असलं काही करणार नाही असं ठरवून घरी आले आणि त्यातलं पहिलं काम सुरू केलं, गोड गोड टाकण्याचं. मी सांगलीला जाऊन कॅफेतल्या कॉफीचा फोटो काढला आणि लिहिलं, 'नवा आठवडा, नवा उत्साह.' दंडोबाच्या डोंगरावर चढून, 'शिखर नेहमी वाट बघत असतं.' आधीच्या साहेबांचे आभार मानले, त्या माणसानं हॉस्पिटल विकल्याचं आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं होतं तरीही. आप्पा रोज चष्मा लावून ते वाचायचे आणि खाली लिहायचे, 'छान. बाबगोंडा नेमगोंडा मगदूम, कवठगाव.' त्यांच्या प्रत्येक 'छान'नं आमची गाठ आणखी पक्की होत होती. यंत्राला आणखी काय हवं?

मग प्रमाणपत्रवाल्यांची सूचना आली की मुदत पुढच्या महिन्यात संपते. त्या दुपारी आप्पा बाजारात गेले होते. मी मोबाईल घेऊन बसले आणि विलगीकरण नोंदवलं. नाव, त्रिशला मगदूम. कुणापासून, बाबगोंडा नेमगोंडा मगदूम. नातं, वडील. कारण निवडायला पर्याय होते, मी 'इतर' निवडलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला त्या क्षणी फक्त राग होता. यंत्राचा होता, आणि खरं सांगायचं तर आप्पांचाही होता. गावातला प्रत्येक खड्डा यांनाच का दिसावा?

एक गोष्ट मला अभिनंदननं सांगितली नव्हती. विलगीकरण नोंदवलं की समोरच्या माणसालाही सूचना जाते.

आमच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवतात. आई होती तेव्हाही तसंच, नंतरही तसंच. जैनांच्या घरी हे चालायचंच, पण आप्पा फार काटेकोर. त्या संध्याकाळी मी ताटं वाढली, हाक मारली. आप्पा कट्ट्यावर बसून होते, हातात मोबाईल होता. पुन्हा हाक मारली. ते तसेच बसून राहिले. ऊन समोरच्या भिंतीवरून वर सरकत गेलं आणि गेलं. मग ते आत आले, झाकलेल्या ताटांकडे बघितलं आणि तांब्याही न उचलता अंथरुणावर जाऊन पडले.

सकाळी मी उठले तेव्हा ते चहा गाळत होते.

"मी काढून टाकलं गं सगळं," ते म्हणाले.

"काय?"

"माझं लिवलेलं. चौगुल्याच्या पोराला इचारून आलो सक्काळीच. त्यानं दावलं कसं काढायचं ते. सगळं एकदम निघतंय." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "मला आधीच सांगायचंस की. माझ्यामुळं अडलंय म्हटल्यावर मी काय ठेवणार व्हतो व्हय?"

"आप्पा, मी ते फक्त नेटवर..."

"कळतंय मला. वायरमन हाय मी. शॉर्ट व्हायला लागलं की एक वायर तोडायला लागतीच."

ते हे खरंच समजुतीनं बोलत होते, आणि म्हणूनच ते मला ऐकवेना. पुसलेलंसुद्धा यंत्र मोजतं हे मला ठाऊक होतं. आप्पांनी इतक्या वर्षांचं लिखाण पुसलं आणि त्याचा काडीचाही उपयोग होणार नव्हता. हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. त्या दिवसापासून आप्पा सायकल घेऊन बाहेर पडेनासे झाले. गटार तुंबलं, तर त्याच्याकडे बघून आत यायचे.

पंधरवड्यात सुश्रेयचा संदेश आला. प्रतिरूप बदललं म्हणून आपोआप फेरमुलाखत झाली होती आणि माझी निवड झाली होती. सांगलीच्या कार्यालयात येऊन सही करायची होती.

कार्यालयात समीरण देसाई नावाचा मनुष्यबळ अधिकारी होता. वयानं माझ्याहून लहान असेल, वागायला मऊ. त्यानं पाणी दिलं, अभिनंदन केलं आणि सहीसाठी काचेची पाटी पुढे केली.

"मॅडम, एक सांगायचं राहिलं. निवड झालेल्या उमेदवाराला आपल्या प्रतिरूपाच्या मुलाखती ऐकायचा हक्क असतो. कुणी ऐकत नाही. ऐकायच्या नसतील तर इथे टिचकी मारा."

"नापास झालेल्याला ऐकता येत नाहीत का?"

"नाही. पास झाल्यावर येतात. आधीच्यासुद्धा."

ज्याला ऐकायची गरज आहे त्याला ऐकता येत नाही आणि ज्याला नाही त्याला येतं. हा कायदा करणाऱ्यांची बुद्धी बघून मी म्हटलं, ऐकवा. हजारो प्रश्न कोण ऐकणार? माझ्या कामातलेच दोन-चार ऐकवा.

डायलिसिसच्या कामात पाण्याइतकं महत्त्वाचं काही नाही. पातळ पडद्याच्या एका बाजूला पेशंटचं रक्त आणि दुसऱ्या बाजूला पाणी वाहत असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते आधी कोळशाच्या टाकीत अडवावं लागतं. तिथून निसटून पुढे गेलं तर पेशंटच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, माणूस खुर्चीवरच जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक पाळीआधी पाण्यात पट्टी बुडवून बघायची. रंग आला तर मशीन बंद.

यंत्राचा प्रश्न याच्यावरच होता. पट्टीवर रंग आला आहे. बाहेर पेशंट खोळंबलेत. सेंटरप्रमुख म्हणतात, आजचा दिवस चालवून घ्या. तुम्ही काय कराल?

सुरुवातीला पास झालेल्या प्रतिरूपाचं उत्तर लागलं. आवाज माझाच होता, थोडा सर्दी झाल्यासारखा. "वरिष्ठांना परिस्थितीची अधिक कल्पना असते. त्यांच्या निर्णयावर विश्वास ठेवून मी हसतमुखानं काम सुरू ठेवीन. प्रत्येक अडचण आपल्याला काहीतरी शिकवते." याला पैकीच्या पैकी गुण होते.

माझ्या कॉफीच्या आणि डोंगराच्या फोटोंतून ही बया तयार झाली होती.

मग पहिल्या, नापास प्रतिरूपाचं उत्तर लागलं. "मशीन बंद करीन. बाहेर जाऊन पेशंटना मी स्वतः सांगीन. आणि प्रमुखांनी चालवा म्हटलं हे लिहून देईन, खाली पूर्ण नाव घालून."

यंत्रानं विचारलं, पेशंट चिडले तर?

"चिडू देत. जिवंत राहतील."

नोकरी गेली तर?

"मग रोज लिहीन."

मी देसाईला म्हटलं, पुन्हा लावा. त्यानं पुन्हा लावलं.

मिरजेला असताना एका उन्हाळ्यात टँकरचं पाणी घ्यावं लागलं होतं. पट्टीवर रंग आला आणि मी सकाळची पाळी थांबवली. साहेब सगळ्यांसमोर ओरडले, पेशंटचे नातेवाईक अंगावर धावून आले, आणि मी टाकीतला कोळसा बदलून होईपर्यंत एकही मशीन लावली नाही. हे नेटवर कुठेच नव्हतं. यंत्राला ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्यानं माझ्यातली भोकं आप्पांच्या मजकुरानं बुजवली, आणि जे तयार झालं ते हुबेहूब मी होते. आपल्यावर दुसऱ्याचा माल लादून नापास केलं म्हणून मी इतके दिवस जळफळत होते. यंत्रानं मला बरोबर ओळखलं होतं. बरोबर ओळखूनच नाकारलं होतं.

"सर," मी म्हटलं, "तुमच्या आईला उद्या डायलिसिस लागलं, तर यातल्या कुणाच्या हातून मशीन लावून घ्याल?"

देसाईनं खाली बघितलं. "मला उत्तरं कळत नाहीत, मॅडम. मला नुसता आकडा येतो. आज पहिल्यांदाच ऐकली." मग पाटी माझ्याकडे सरकवत म्हणाला, "तुमची निवड झालीय. एकदा कामावर आलात की तुम्हाला हवं तसं वागा. तिथे कोण विचारतंय?"

विचार वाईट नव्हता. मी पेन उचललंही. पण मग मनात आलं, जिथे जिथे ही मुलाखत होते तिथे तिथे पट्टीवर रंग दिसूनही हसणारीच माणसं निवडली जात असणार. एखाद्या पाळीला मी नसेन. तेव्हा तिथे सगळी तसलीच असतील. आणि माझी सही त्या हसतमुख बयेच्या उत्तराखाली पडणार होती.

मी काचेवर लिहायला सुरुवात केली. त्रिशला लिहिलं आणि पुढे 'बा' काढला, तसा देसाई खुर्चीतून उठला.

"मॅडम, मधलं नाव नका घालू. तुमचं विलगीकरण नोंदलेलं आहे. सहीत ते नाव आलं की ते मोडतं, गुण पुन्हा मोजले जातात."

"मोजू देत."

मी सावकाश, वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. बाबगोंडा हा शब्द लिहायला लांबलचक आहे, लिहिता लिहिता विचार बदलायला भरपूर वेळ मिळतो. काच लाल झाली. निवड रद्द. खेद. शुभेच्छा.

परतीच्या एस.टी.त मात्र मी उरलेले दिवस मोजत बसले. मुदत महिन्याच्या आत संपणार होती आणि हातातली नोकरी मी एका शब्दासाठी घालवून आले होते. त्या वेळी मला अजिबात शूर वाटत नव्हतं. आपण मूर्ख आहोत असं वाटत होतं.

आप्पा कट्ट्यावर होते. मी सगळं सांगितलं. पुसलेलंही मोजतात, हेसुद्धा सांगून टाकलं.

"म्हंजे नोकरी सोडून आलीस?"

"हो."

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं? मी एवढं सगळं पुसलं ते कशाला? आं? घरात काय हाय, तुला म्हाईत न्हाई?" ते खरोखरच संतापले होते. त्यांना असं संतापलेलं मी पेट्यांच्या वेळीच बघितलं होतं. ते आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग दारात उभे राहून विचारलं, "ती क्लोरीनवाली काय म्हटली म्हणालीस? हसतमुखानं?"

"हसतमुखानं काम सुरू ठेवीन, म्हणाली."

"आणि त्याला पैकीच्या पैकी?"

"पैकीच्या पैकी."

आप्पा माझ्याशेजारी येऊन बसले.

"आप्पा," मी म्हटलं, "ते निषेधाचं कसं लिहायचं?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मी चेष्टा करतेय की काय ते तपासल्यासारखं. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "आधी तारीख. मग गाव. मग मुद्दा, एकच. दोन मुद्दे घातले की सायेब सोपा असंल त्यालाच उत्तर देतोय. शिव्या न्हाई द्यायच्या."

मी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाचं पान उघडलं. मी लिहिलं की पाण्यात क्लोरीन असताना मशीन बंद करीन म्हणणारी तंत्रज्ञ सुश्रेय हेल्थकेअरच्या मुलाखतीत नापास होते, आणि चालू ठेवीन म्हणणारी पास होते. दोघींची उत्तरं मी माझ्या कानांनी ऐकली आहेत. दोघीही मीच आहे.

"हे शेवटचं बरं हाय," आप्पा म्हणाले. "आता नाव घाल. पूर्ण."

मी नाव घातलं आणि मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून सगळा मजकूर वाचला. नावापाशी आल्यावर जरा जास्तच वेळ घेतला.

"बरोबर हाय. पाठीव."

मी पाठवलं. पलीकडून कुणी लगेच काही म्हणेल अशी आशा नव्हतीच.

"उद्या काय लिहायचं?" मी विचारलं.

"उद्या? हेच की," आप्पा उठत म्हणाले. "फकस्त म्होरं 'आजही' लावायचं."

समोरच्या भिंतीवर अजून ऊन होतं. आप्पांनी दोन ताटं घेतली, मी भाकऱ्यांचं टोपलं पुढे ओढलं, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो.